पाने खाणाऱ्यांचा हिशेब

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना पिंपळे सौदागर हे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ परिचयाचे आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे त्या वेळचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून पवनेकाठच्या या गावाची बारकाईने पाहणी केली आणि १९१७ साली तिचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम हा त्या पुस्तकाचा विषय. १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ साली ७ एकरांवर. १५६ खातेदार आणि त्यांच्या जमिनीचे सातशेंहून अधिक तुकडे. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान. शेतीच्या तुकडेबंदीवर पुढे आपल्या देशात जे लिहिले-बोलले गेले त्यात हे आकडे पुन्हा पुन्हा आले आहेत.

तेथून पुढची गोष्ट पुस्तकात नाही, पण ती डोळ्यांसमोर आहे. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि ज्वारी-बाजरीच्या त्या शेतांत आज बहुमजली घरे उभी आहेत. सात एकरांचा तुकडा आटत आटत कुंपणालगतच्या हातभर रुंदीच्या वाफ्यापर्यंत आणि गॅलरीतल्या कुंडीपर्यंत येऊन पोचला आहे. वाफ्यात तगर, कण्हेर, जास्वंद. कुंडीत कढीलिंब, लिंबोणी, गुलाब. जमीन आटली, परंतु हिरव्या पानाशी ज्यांचे पोट बांधलेले आहे ते जीव काही गाव सोडून गेले नाहीत. पहिल्या पावसानंतर कोवळी पालवी फुटते आणि आठ-पंधरा दिवसांत तिची चाळण होते. मग ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न येतो, "कोणते औषध मारावे?"

या प्रश्नातल्या 'औषध' या शब्दापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. किडीसाठी आणलेल्या विषाला औषध म्हणण्याची आपली रीत आहे. शेतकरी औषध फवारतो, दुकानदार औषध विकतो, आणि कर्जाने पिचलेल्या एखाद्याने जीव दिला तर 'तो औषध प्यायला' असे गाव हळू आवाजात सांगतो. एकाच शब्दात जगवणे आणि मारणे दोन्ही मावली. हे असे का झाले आणि त्याआधी काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

डॉ. मॅन यांच्याकडेच पुन्हा वळू. कारण पाने खाणाऱ्या किड्यांशी त्यांचा संबंध पुण्यास येण्याच्या आधीपासूनचा होता, आणि ही गोष्ट पिंपळे सौदागरचे नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०७ साली ते पुण्यास आले. त्यापूर्वीची काही वर्षे ते चहामळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रीय अधिकारी होते. सर जॉर्ज वॅट यांनी १८९८ साली चहाच्या झुडपाला लागणाऱ्या किडी व रोग यांवर एक ग्रंथ लिहिला होता. त्याची दुसरी आवृत्ती १९०३ साली निघाली, ती वॅट आणि मॅन या दोघांच्या नावाने. चहा हे झुडूपच, आणि त्याचे पान हेच पीक. तेथे अळीने पान खाल्ले म्हणजे मालकाच्या गल्ल्यातून पैसा उचलला. म्हणून पान किती गेले, कोणी खाल्ले, कोणत्या महिन्यात खाल्ले, याची नोंद ठेवणे मळ्यात भाग होते. उपाय मात्र त्या काळी बहुतांशी हाताचेच. झुंडीने एकत्र बसणाऱ्या अळ्या मजूर वेचून काढीत, छाटणीच्या वेळी किडकी फांदी तोडून जाळीत. मजुरी स्वस्त होती म्हणून ते परवडत होते, हे विसरता कामा नये. त्या स्वस्त मजुरीचे दुःख हा वेगळा इतिहास आहे.

आपल्या कुंपणाच्या तगरीची पाने कोणी विकत नाही. चहाच्या मळ्याचा हिशेब आणि वाफ्याचा हिशेब यांत हा मूळचाच फरक आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपण मळ्याचा हिशेब वाफ्याला लावला. तोही अर्धाच लावला. नोंद ठेवली नाही, फवारणी मात्र उचलली.

जुन्या काळी काय करीत, हे सांगताना सारे काही सोज्वळ होते असे भासवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. आपल्याकडे वृक्षायुर्वेद नावाचे एक शास्त्र होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर एक अध्याय आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. तेथून तिची प्रत मिळवून डॉ. नलिनी साधले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले. वावडिंग, हिंग, मोहरी, निरनिराळ्या धुऱ्या अशा वस्तू या शास्त्रात येतात. झाडालाही वात, पित्त, कफ असतात असे मानून त्यावर उपचार सांगितले आहेत. यातले किती आज कसोटीला उतरेल हे प्रत्येक कृती तपासूनच ठरवावे लागेल. पोथी जुनी आहे एवढ्याने कृती खरी ठरत नाही. परंतु त्या ग्रंथकारांची एक दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. ते झाडाकडे रोगी म्हणून पाहतात. किड्याकडे शत्रू म्हणून पाहून त्याचा निर्वंश करावा, असा त्यांचा सूर नाही.

खेड्यातली रीत याहून साधी. पहाटेचे दंव पानावर असताना चुलीतली राख भाजीवर उधळायची. ओल्या पानाला राख चिकटते आणि कोवळ्या अळीला ते पान खाववत नाही. तंबाखूच्या देठांचे पाणी मारायचे. अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाकायच्या. यांतली तंबाखू काही निरुपद्रवी नव्हे. तिच्यातले निकोटीन माणसालाही जहाल विष आहे आणि मधमाशीलाही. घरगुती म्हणजे निर्विष असे समजणारांनी हे ध्यानात ठेवावे.

जुन्या लोकांचे निरीक्षण सूक्ष्म असे, आणि कधी कधी तेच त्यांना चकवी. भृंगकीटक न्याय आपल्या संतवाङ्मयात आणि वेदान्तात ठायी ठायी येतो. भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी एक अळी पकडून आणते, घरात कोंडते, तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी त्या घरातून अळी नव्हे तर नवी कुंभारीण बाहेर पडते. यावरून आपल्या तत्त्वज्ञांनी असे ठरवले की, भयाने का होईना, अळीने माशीचा अखंड ध्यास घेतला आणि ती तद्रूप झाली. भक्ताने देवाचे चिंतन करून देवच व्हावे याला याहून सुंदर दृष्टान्त कोणता मिळणार? वस्तुस्थिती अशी की कुंभारीण त्या घरात अंडे घालते, डंख मारून अळीला निश्चेष्ट करते, आणि अंड्यातून निघालेले पिलू ती ताजी अळी खाऊन मोठे होते. दृष्टान्ताची गोडी यामुळे कमी होत नाही. पण एक गोष्ट यातून सिद्ध होते. पाने खाणाऱ्या अळ्यांना उचलून नेणारा एक गडी आपल्या घराच्या भिंतीवरच राहतो, हे शेकडो वर्षे आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर होते. आज रंगारी आला की पहिल्यांदा ती मातीची घरे खरवडली जातात.

किड्याकडून किड्याचा बंदोबस्त करण्याची कल्पना चीनमध्ये फार जुनी आहे. संत्र्या-लिंबांच्या बागांत लाल मुंग्यांची घरटी विकत आणून झाडांवर टांगत, अशी नोंद इ. स. ३०४ च्या एका चिनी ग्रंथात सापडते. झाडाची पाने शिवून घरटे करणाऱ्या त्या मुंग्या कोकणातल्या माणसाला नव्या नाहीत. त्यांचा चावा तो विसरत नाही. आपल्याकडे मात्र त्यांना बागेचे राखणदार म्हणून विकत आणण्यापर्यंत मजल गेली नाही.

पुण्याच्या परिसरात बागाईचे शास्त्र नव्या रीतीने सुरू झाले ते पिंपळे सौदागरच्या शेजारी, दापोडीला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या वेळी, १८२८ साली, तेथे सरकारी वनस्पती-उद्यान निघाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख होते. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षकही तेच. त्यांच्या देखरेखीखाली एका चित्रकाराने त्या बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची सुरेख चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. १८६५ साली दापोडीची बाग बंद झाली आणि पुढे गणेशखिंडीत नवे उद्यान आले. परदेशची झुडपे आपल्याकडे येऊन रुळण्याचा जो मोठा काळ, त्यात दापोडीसारख्या बागांचा वाटा होता. आज शहरी कुंपणांवर दिसणारी कित्येक झुडपे अशी बाहेरून आलेली आहेत. त्यांतल्या काहींना येथला कोणताच किडा तोंड लावीत नाही. माळ्याला ती म्हणूनच आवडतात; पाखरांना मात्र तेथे काही मिळत नाही. याविषयी पुढे सांगू.

विषाचे युग डीडीटीपासून सुरू झाले असा समज आहे, तो बरोबर नाही. त्याच्या आधी सोमल होता. अमेरिकेत १८६७ च्या सुमारास बटाट्याच्या भुंग्यांवर 'पॅरिस ग्रीन' नावाची हिरवी पूड टाकू लागले. ती मुळात रंगाची पूड. तिच्यात तांबे आणि सोमल. पुढे शिसे आणि सोमल यांचे मिश्रण आले. पाने खाणारा किडा विषारी पान खातो आणि मरतो, असा सरळ मामला. हे ज्ञान हिंदुस्थानात आणणाऱ्यांत हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे प्रमुख. सरकारचे ते मुख्य कीटकशास्त्रज्ञ होते, आणि १९०६ व १९०९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे दोन ग्रंथ हे आपल्या देशातल्या कीटकशास्त्राचे पाये समजले जातात. किड्यांची ओळख, त्यांचा जीवनक्रम, ते कोणत्या महिन्यात कोठे असतात, यांवर त्यांचा भर असे. विलायतेस परतल्यावर ते माश्या मारण्यासाठी विषारी वायूंचे प्रयोग करू लागले. १९२५ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या आपल्या प्रयोगशाळेत त्याच वायूने ते बेशुद्ध पडले आणि काही दिवसांत वारले. किड्यांना इतके जवळून ओळखणारा माणूस असा गेला.

डीडीटीने मामला बदलला तो असा. सोमलाने मरण्यासाठी किड्याला पान खावे लागे. डीडीटीला नुसता स्पर्श पुरे. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली त्याचा हा गुण शोधला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि १९५४ साली डीडीटी बनवण्यासाठी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली तीही १९५४ सालीच. त्या वर्षांतल्या लोकांचा उत्साह आज चेष्टेचा विषय करू नये. घरात पेनिसिलिन आले, भिंतीवर डीडीटी आले, आणि कित्येक घरांत पोरे वाचली. हिवतापाने ओस पडलेल्या गावांना त्या पांढऱ्या पुडीचे मोल विचारा.

चूक झाली ती भिंतीवरचे विष पानावर आले तेव्हा. भिंतीवर डास बसतो. पानावर अळी बसते. तिला खाणारा भुंगा बसतो, तिच्या अंगात अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशी बसते, फुलावर मधमाशी बसते, आणि त्या सगळ्यांना टिपणारी पाखरे येतात. जो पुष्कळ खातो आणि पुष्कळ पिले घालतो तो विषातून लवकर सावरतो. जो त्याला खाऊन जगतो तो मागे पडतो. म्हणून फवारणीनंतर पहिल्या महिन्यात कीड दिसत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पूर्वीपेक्षा अधिक दिसते. माणूस मग फवारणी वाढवतो. रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेने १९६२ साली आपल्या पुस्तकात हाच क्रम जगापुढे मांडला. तिच्या आधी, १९५९ साली, कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक साधा विचार मांडला होता. कीड दिसली म्हणून फवारू नका. तिच्यामुळे होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा मोठे होणार असेल तरच फवारा. आज आपली कृषी विद्यापीठे शेतकऱ्याला 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणून जे सांगतात, ते हेच.

पाखरांचा हिशेब चीनने एकदा उलटा करून पाहिला. १९५८ साली तेथे चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांचा संहार मांडला गेला. पिलांना भरवण्यासाठी चिमणी अळ्या आणि किडेच आणते, हे कोणी विचारात घेतले नाही. किड्यांनी शेते खाल्ली आणि १९६० साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून गुपचूप काढून तेथे ढेकणाचे नाव घातले गेले.

आपल्याकडे कायदा आला १९६८ साली. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात त्रिकोणी खूण असते ती या व्यवस्थेतली. तांबडी म्हणजे अतिजहाल, त्याखाली पिवळी, मग निळी, आणि हिरवी सर्वांत सौम्य. हिरवी म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला, एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. आणि २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, शेकडो इस्पितळात पडले. माणसाच्या उंचीची कपाशी, पाठीवर पंप, अंगावर रोजचेच कपडे. त्या माणसांनी काय फवारले होते असे विचारले तर घरची मंडळी म्हणणार, औषध.

शहरातल्या कुंपणावर फवारणारा माणूसही बहुधा अशाच घरातून आलेला असतो. वसाहतीच्या समितीने वर्षाचा ठेका दिलेला असतो; कीड असो-नसो, महिन्याची फवारणी ठरलेली. खाली मुले खेळत असतात आणि वर त्या माणसाच्या तोंडाला रुमालसुद्धा नसतो. कपाशी हे निदान पोटाचे पीक आहे. तगरीच्या पानाला पडलेल्या भोकांसाठी कोणी छातीत विष का घ्यावे, याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

आता कडुलिंबाची गोष्ट, कारण सेंद्रिय म्हटले की पहिले नाव त्याचेच येते. दाण्याच्या कणगीत लिंबाचा पाला घालणारे आपले पूर्वज आणि प्रयोगशाळा यांची गाठ पडायला १९५९ नंतरचा काळ यावा लागला. त्या वर्षी सुदानमध्ये टोळधाड आली. सारे हिरवे खाऊन गेली, पण कडुलिंबाची झाडे उभी राहिली. हाइन्रिख श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाने ते पाहिले आणि पुढे त्याच झाडाच्या अभ्यासास वाहून घेतले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवून दिले की निंबोळीच्या मगजाचे अगदी विरळ पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत. १९६८ साली निंबोळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले; त्याचे नाव अझाडिराक्टिन. ते किड्याला तडकाफडकी मारत नाही. त्याची भूक जाते, आणि अळीला कात टाकता येत नाही. पुढे या झाडाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकावर एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकन सरकारच्या शेती खात्याला युरोपात पेटंट मिळाले, तेव्हा आपल्याकडून हरकत घेण्यात आली. ते पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपिलातही तो निकाल कायम राहिला. आपल्या घरचे ज्ञान परत मिळवण्यासाठी म्युनिकच्या कचेरीत दहा वर्षे खपावे लागले.

कडुलिंबाचा महिमा गाणारांना एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. वळवाचा पहिला पाऊस पडला की जमिनीतून हुमणीचे भुंगे बाहेर पडतात आणि संध्याकाळी झाडांवर चढून पाने खातात. ते कोणत्या झाडावर चढतात? बाभळीवर आणि कडुलिंबावर! म्हणून तर शेतकऱ्याला या दिवसांत रात्री लिंबाच्या फांद्या हलवून भुंगे गोळा करायला सांगतात. निसर्गात सर्वांवर चालणारा उपाय नाही.

दशपर्णी अर्काविषयी हेच. कडुलिंब, करंज, सीताफळ, निर्गुंडी, एरंड, रुई, कण्हेर, पपई, गुळवेल, घाणेरी असा दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रासह महिनाभर कुजवून करावयाचा हा अर्क महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत पुष्कळ पसरला. घटक गावोगाव बदलतात. तत्त्व एकच, की जनावर ज्या पाल्याला तोंड लावीत नाही तो घ्यावा. त्याचा उपयोग होतो असे अनेक शेतकरी सांगतात. पण रुई आणि कण्हेर विषारी आहेत हे ध्यानात असावे, आणि हातांना फडके बांधल्याखेरीज तो ढवळू नये. विषाची बाटली काढून तेथे अर्काची बाटली ठेवली आणि बाकी सर्व पूर्वीसारखेच चालू ठेवले, तर बदल बाटलीचाच झाला. ठेक्यावर दरमहा निंबोळी अर्क फवारणारी वसाहत आम्हांला डीडीटी फवारणाऱ्या वसाहतीपेक्षा बरी वाटते. शहाणी वाटत नाही.

शहाणपण सुरू होते ते पाने खाणारा कोण हे पाहण्यापासून. तगरीवर आणि कण्हेरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते. तिच्या मानेशी दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके, शेपटाशी आखूड शिंग. माणसे तिला भितात. ती चावत नाही, डसत नाही. जी कण्हेर गुरांना मारते ती ही खाऊन पचवते आणि पुढे हिरव्या संगमरवरासारख्या पंखांचा मोठा पतंग होते. कढीलिंबावर आणि लिंबोणीवर लहानपणी पाखराच्या शिटेसारखी दिसणारी, मोठेपणी हिरवी होणारी अळी असते. तिला डिवचले की डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही लिंबावरच्या फुलपाखरांची पिले. त्यांच्याच कुळातले मोठे, काळ्या पंखांवर निळी झाक असलेले 'नीलवंत' हे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य-फुलपाखरू ठरले; राज्य-फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले. नीलवंताची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांचीच पाने खाते. सरकारने ज्याला मान दिला त्याच्या पिलांना आपण कीड म्हणून मारतो आहोत की काय, हे फवारणीपूर्वी पाहायला दोन मिनिटे लागतात.

गुलाबाच्या पानाची कड कोणी कात्रीने गोल कापल्यासारखी दिसली तर तेथे अळी शोधू नये, सापडणार नाही. एक जातीची एकटी राहणारी मधमाशी ते गोल तुकडे कापून नेते आणि त्यांच्या वळकट्या करून घर बांधते. ती पान खात नाही, झाडाला अपाय करीत नाही, आणि शेजारच्या वेलाची फळे तिच्यामुळे धरतात. जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण हा रस शोषणाऱ्यांपैकी. त्याला पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचे पाणी. त्याचा विस्तार येथे नको.

पाने खाणारा किडा मित्रही असू शकतो, याचे उदाहरण पुण्याचेच आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात एक परदेशी तण प्रथम नजरेस आले. पुढे ते देशभर पसरले. आपण त्याला गाजरगवत म्हणतो, काँग्रेस गवतही म्हणतो. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागाने दमा उसळतो. १९८० नंतर मेक्सिकोतून त्याची पाने खाणारा एक भुंगा, काटेकोर तपासणी करून, मुद्दाम आणून बंगलोरकडे सोडण्यात आला. आज पावसाळ्यात कोठेही गाजरगवतावर पिवळसर पाठीचे, काळ्या रेघांचे हे भुंगे पाने कुरतडताना दिसतात. मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजले म्हणून त्यावर किडे आले, आणि किडे आले म्हणून त्यावर फवारणी झाली, असेही शहरात घडते.

तेव्हा वाफ्यातल्या झुडपांचे काय करावे? झुडूप जोमदार असेल तर चार-दोन आण्यांनी पाने गेल्याने त्याचे काही बिघडत नाही. छाटणीत आपणच त्याहून अधिक काढतो. तेवढा वाटा सोडून द्यावा. खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचा आणि पाखरांचा वाटा काढणाऱ्या समाजाला हे अवघड जाऊ नये. कुंडीतले लहान रोप असेल तर संध्याकाळी किंवा भल्या सकाळी पानाची खालची बाजू पाहून अळ्या हाताने वेचाव्यात; मारवत नसतील तर आवारातल्या मोठ्या लिंबाच्या किंवा बेलाच्या झाडावर नेऊन सोडाव्यात. अळीपण दोन-तीन आठवड्यांचे असते, एवढा धीर पुष्कळदा पुरतो. इतके करूनही झाड उघडेच पडू लागले, तर लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, त्यात साबणाचे थोडे पाणी घालून फक्त त्याच झाडावर शिंपडावे. ते सायंकाळी करावे. उन्हात निंबोळीचा गुण दोन-चार दिवसांत उडतो, आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. फुललेल्या झाडावर काहीच मारू नये. अळी ओळखता येत नसेल तर तोवर थांबावे.

राहता राहिला पालापाचोळा. तगरीवरची ती मोठी अळी पोट भरले की तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि बुंध्याशी पडलेल्या पाल्यात कोष करते. जमिनीवर टिपणारे दयाळ आणि सातभाई तोच पाला चाळतात. वसाहतीत रोज सकाळी झाडू फिरतो, पाला गोळा होतो, पोत्यात भरून बाहेर जातो. ठेकेदाराला सांगून कुंपणाच्या एका कोपऱ्यातला चार हात पाला तसाच पडू दिला, तर त्याला खर्च काही नाही.